फाटकावर नाचलेला घोडा

पांढरा घोडा दोन रुळांच्या मधोमध नाचत होता. नुसता उभा नव्हता, नाचत होता. पुढचे पाय एकाआड एक उचलून, मान वाकडी करून, वरातीत नाचतात तसा. मागे त्याला बैलाचा छकडा बांधलेला होता आणि छकड्यात उसाच्या शेंड्यांचे हिरवे वाढे भरलेले होते. लांब लाल सिग्नलला मालगाडी थांबली होती. तिचा ड्रायव्हर शिट्टीवर शिट्टी मारत होता. तेवढ्यात माझ्या केबिनमधला फोन वाजला. पलीकडे स्टेशन मास्तर. माणूस बिहारकडचा, नवीनच आलेला.

"आप्पा, गेट बंद करके दो ना! मालगाडी खड़ी है."

"देता हूँ साहब. जरा घोडा है."

"क्या है?"

"घोडा. रूळ पे नाच रहा है."

 मास्तर हळूच म्हणाला, "आप्पा, आपकी तबियत ठीक है ना?"

माझी तबियत ठणठणीत होती. इतकी वर्षं गेटमन होतो, एका गाडीला माझ्यामुळे एक मिनिट उशीर झालेला नव्हता. त्या दिवशी झाला. आणि तो घोडा तिथे माझ्याच सांगण्यावरून आला होता. तो का आला आणि त्याच्यापायी आमची अख्खी वस्ती कशी उठली, ते सांगतो. मी चौथी शिकलेला माणूस. पाचवीत गेलो होतो, पण गुरुजींशी पटलं नाही. लिहिण्यात चूक सापडली तर वाचणाऱ्याने सुधारून घ्यावी. रेल्वेच्या कामात चूक काढायची असेल तर आधी मला येऊन भेटावं.

माझं नाव लोटन. सगळे आप्पा म्हणतात. माझा बाप गँगमध्ये होता, गेटमन होण्याआधी मीही. गँग म्हणजे रुळाची देखभाल करणारी माणसं. खडी सारखी करायची, रूळ सरकला असेल तर पहारीने जागेवर आणायचा, रोज आपला तुकडा पायी तपासायचा. त्या गँगसाठी रेल्वेने नंदुरबारकडे रुळाच्या कडेला दगडी चाळ बांधलेली होती. सहा खोल्या, एक विहीर, एक कडुनिंब. उत्तरेला कोरीट गावाकडचा मुलूख आणि पुढे तापी. दक्षिणेला शेतं. मधून रूळ, आणि रुळाला छेदून जाणारा एक गाडीरस्ता. त्या रस्त्यावर फाटक.

आता फाटक म्हटलं की लोकांना राग येतो, कारण थांबावं लागतं. पण आमची वस्ती त्या थांबण्यावरच वाढली. फाटक बंद झालं की माणूस दहा मिनिटं बसतो. बसला की त्याला चहा लागतो. चहा झाला की पान. एखाद्याच्या लक्षात येतं की चाकात हवा कमी आहे. म्हणून आधी चहाची टपरी आली, मग पानवाला, मग पंक्चरवाला. मग न्हावी आला, कारण बंद फाटकावर अर्धी दाढी होते आणि गाडी पुढे गेली तरी माणूस उठून जाऊ शकत नाही. पुढे पिठाची गिरणी आली, मारुतीचं देऊळ झालं. सहा खोल्यांची एकोणीस घरं झाली. वस्तीला नाव कोणी दिलंच नाही. सगळे फाटक म्हणत. पोस्टमनसुद्धा.

आमची एक रीत होती. लग्नाची वरात फाटकावर अडली की तिने तिथे नाचायचंच. बँडवाले तसेच वाजवत राहत, सगळी वस्ती बाहेर येई. गेटमनच्या घरून नवरदेवाला पाणी आणि गूळ, आणि घोड्याला गुळाचा खडा. मी गेटमन झालो तेव्हा ही रीत माझ्या आईने सुरू केली. ती म्हणायची, आपल्यामुळे मुहूर्त चुकला असं कोणी म्हणायला नको, तोंड गोड करून पाठवा. पुढे पुढे वराती मुद्दाम गाडीची वेळ साधून यायला लागल्या. एक नवरदेव तर फाटक उघडं सापडलं म्हणून रुसून बसला होता.

आता मूळ गोष्ट.

माझी नोकरी दीड वर्ष उरली होती. माझ्या जोडीला दुसऱ्या पाळीत याकोब होता, नवापूरच्या डोंगराकडचा. देवभोळा, कमी बोलणारा, कामाला वाघ. एक दिवस आमचे सेक्शन साहेब, म्हणजे आमच्या भागाचे रेल्वे इंजिनिअर, आले. वयाने माझ्या धाकट्या मुलाएवढे, हुशार, नीट बोलणारे. केबिनमध्ये बसले आणि फाईल उघडली.

"आप्पा, हे गेट बंद करायच्या यादीत आलंय."

"का?"

"कमी रहदारीची गेटं बंद करायची आहेत. पुढच्या महिन्यात मोजणी होईल. टीव्हीयू काढतील."

टीव्हीयू म्हणजे काय ते सोप्या भाषेत सांगतो. दिवसात फाटकावरून रेल्वेच्या किती गाड्या जातात आणि रस्त्याची किती वाहनं जातात, ते मोजायचं. मग दोन्ही आकड्यांचा गुणाकार करायचा. ट्रक, ट्रॅक्टर, मोटार, बैलगाडी, टांगा, हे सगळे एक-एक धरतात. ऑटोरिक्षा अर्धी. मोटरसायकल पाव. पायी माणूस शून्य. मोकळं जनावर शून्य.

साहेब म्हणाले, "आकडा ठरलेल्या लायनीच्या खाली आला तर गेट बंद. लायनीच्या वर गेला तर राहील. पण आप्पा, एक लक्षात घ्या, फारच वर—"

"साहेब, मला वर-खाली शिकवू नका. तुमच्या जन्माच्या आधीपासून मी ह्या रुळावर आहे. मोजणी कधी, तेवढं सांगा."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. फाईल बंद केली, चहा संपवला आणि मोजणीचा आठवडा सांगून गेले. त्यांचं वाक्य तिथेच पडून राहिलं.

संध्याकाळी हिराबाई आली. तिची टपरी दक्षिणेच्या बाजूला, बूमला, म्हणजे फाटकाच्या आडव्या दांड्याला, लागूनच. चहा आणि कांदाभजी. नवरा तिचा माझ्याबरोबर गँगमध्ये होता, गुडघा गेल्यापासून बसून कांदे चिरतो. दोन पोरी तिने त्या कढईवर शिकवल्या. धाकटीचं नर्सिंग अजून चालू होतं. आमची बोली अहिराणी; 'शे' म्हणजे आहे, 'बठ्ठा' म्हणजे सगळे.

"आप्पा, फाटक बंद व्हई जाई म्हणतस, खरं शे का?"

"कोण म्हणस?"

"बठ्ठा म्हणतस. मंग मी भजी कोणले देऊ? रुळेसले?"

"फाटक बंद व्हवाव नही, हिराबाई. तुन्ही कढई थंडी व्हवाव नही. मी जबान देस."

जबान देऊन बसलो. आता माघार नाही.

मोजणी सात दिवसांची होती. मोजायला दोन माणसं बाहेरच्या सेक्शनमधून आणली होती, ओळखीची नकोत म्हणून. ते हिराबाईच्या टपरीसमोर खाट टाकून बसले. चार रेघा उभ्या मारायच्या, पाचवी आडवी. माझा हिशोब साधा होता. कागदावर खोटी रेघ मारायची नाही. ते मी आयुष्यात केलं नाही. पण वाहन खरोखर गेलं तर ते मोजलंच पाहिजे. आणि एकच वाहन पन्नास वेळा जाऊ नये असा नियम मला कोणी दाखवला नव्हता.

मी दौलतआबांकडे गेलो. आबा म्हणजे उत्तरेकडच्या गावातले मोठे शेतकरी. त्यांची निम्मी जमीन रुळाच्या ह्या बाजूला, निम्मी त्या बाजूला. फाटक बंद झालं तर स्वतःच्याच शेतात जायला त्यांना लांबचा वळसा पडणार होता. आबांनी दोन ट्रॅक्टर दिले, चार बैलजोड्या दिल्या आणि भाऊबंदांना सांगितलं. उसाचे दिवस होते, वाहनं बाहेरच होती. सकाळी सातला जी रांग सुरू झाली ती थांबलीच नाही. इकडून जायचं, कडुनिंबाला वळसा घालायचा, तिकडून यायचं. पंक्चरवाला त्याचा जुना टेंपो घेऊन फिरत होता, ज्याला एरवी ढकलावं लागायचं. न्हावी मोटरसायकलवर. मोटरसायकल पाव, म्हणून तो मागे गिऱ्हाईक बसवून फिरायचा. त्याने रेघ वाढत नाही हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मोजणीवाला केबिनपाशी आला.

"आप्पा, तो एका डोळ्याचा ट्रॅक्टर सकाळपासून अठरा वेळा गेला." त्या ट्रॅक्टरचा एक दिवा फुटलेला होता.

"मग अठरा रेघा मारा."

"पण रिकामाच जातोय."

"तुमच्या कागदावर भरलेला-रिकामा असा रकाना आहे?"

त्याने कागद उलटा-सुलटा करून बघितला. "नाही."

"मग?"

"मग काही नाही," तो म्हणाला आणि खाटेवर जाऊन बसला. हिराबाईने त्याच्यापुढे गरम भजी ठेवली. भला माणूस होता. एक रेघ चुकवली नाही.

याकोबला मात्र चैन पडेना. पाळी बदलताना म्हणाला, "आप्पा, हे पाप आहे का?"

"खोटी रेघ मारली तर पाप. गाडी खरंच गेली ना?"

"गेली."

"मग काय?"

तो विचार करत घरी गेला. रविवारी प्रार्थनेनंतर त्याने चर्चच्या पाळकांना विचारलं. पाळकांनी सगळं ऐकून घेतलं आणि दुपारी स्वतः मोटरसायकलवर फाटकावर आले. इकडून तिकडे गेले, तिकडून इकडे आले. पुन्हा गेले, पुन्हा आले. चार पाव म्हणजे पूर्ण एक झाला, तेव्हा याकोबला हात करून निघून गेले. त्यानंतर याकोब बिनघोर झाला.

पाचव्या दिवशी बैल थकले. जनावराला काय माहीत टीव्हीयू? कडुनिंबाखाली बसले ते उठेनात, आणि मीही उठवू दिले नाहीत. छकडे रिकामे पडले. एवढ्यात दौलतआबा स्वतःचा घोडा घेऊन फाटकावर आले. पाखऱ्या त्याचं नाव. पांढराशुभ्र, कपाळावर केशरी गोंडा. सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा तोंडावर आली होती. आबा त्याला तिथे दरवर्षी नेत. विकायला नाही, मिरवायला. बाकीचं वर्ष तो घोडा आजूबाजूच्या लग्नांत वरातीला जायचा. आबा त्याचा लगाम धरून ऐटीत पायी फाटक ओलांडून आले. मी मोजणीवाल्याकडे बघितलं. त्याने पेन उचललं नाही.

मी म्हणालो, "आबा, पाखऱ्याले छकडाले जुंपा."

आबा जागीच उभे राहिले. "लोटन, तुन्हं डोकं फिरी गयं का? हाऊ घोडा यात्रामा नाचस. त्याले छकडाले जुंपू? त्यानापेक्षा तुलेच जुंपस मी!"

"मले जुंपी काय फायदा? माणूस शून्य शे. घोडाबी मोकळा शे तं शून्य. जुंपा, मंग एक."

"काय सांगस? मन्हा पाखऱ्या शून्य?"

"शून्य."

"कोण म्हणस?"

"रेल्वे म्हणस. पुसा त्यासले."

आबांनी मोजणीवाल्याकडे बघितलं. तो बिचारा भजी खात होता, त्याने मान डोलावली. आबांचं तोंड लाल झालं. घोड्याला कोणी मरतुकडा म्हटलं असतं तर त्यांनी हसून सोडलं असतं. पण शून्य म्हणजे घोडा तिथे नाहीच की हो!

"आना तो छकडा," आबा म्हणाले.

छकड्याला दोन बांबू बांधून पाखऱ्याला मधे घेतलं. पहिल्या चकरेला तो असा चालला, जणू मागे छकडा नाहीच. रेघ पडली. आबांनी ती खाटेजवळ वाकून स्वतः बघितली. दुसऱ्या चकरेला थोडे वाढे भरले. तीही पार पडली. तिसऱ्या चकरेला छकडा उत्तरेकडून येत होता आणि मला मास्तरचा फोन आला, मालगाडी येतेय, गेट बंद कर.

फाटक बंद करायची पद्धत अशी. आधी हूटर वाजवायचा, म्हणजे येणारे थांबतात आणि मधले निघून जातात. मग दोन्ही बूम खाली. बूमला कुलूप बसल्याशिवाय गाडीला हिरवा सिग्नल मिळतच नाही. म्हणजे धोका कुणालाच नाही, फक्त उशीर होतो. मी हूटर दाबला. छकडा रुळांवर होता, दहा पावलांत बाहेर पडला असता.

हूटर ऐकला आणि पाखऱ्या जागच्या जागी थांबला. कान टवकारले. आणि नाचायला लागला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नऊ वर्षं हा घोडा ह्या फाटकावर वराती घेऊन येत होता. हूटर वाजला की फाटक बंद. फाटक बंद झालं की बँड. बँड झाला की नाच, आणि नाच झाला की गूळ. त्याचं काय चुकलं? आम्हीच शिकवलेलं होतं.

आबा लगाम ओढत होते. पण खरं सांगतो, त्यांचंही ओढण्यात लक्ष नव्हतं. घोडा झकास नाचत होता. दोन्हीकडे रांग लागलेली. ट्रॅक्टरवाल्यांनी हॉर्न वाजवले, तो घोड्याला बँड वाटला आणि तो आणखी जोरात नाचायला लागला. पंक्चरवाल्याने पत्र्याचा डबा बडवायला घेतला. मालगाडीची शिट्टी चालूच. मी केबिनमधून ओरडलो, "हॉर्न बंद करा! ऐ डबा, ठेव खाली!" कोण ऐकतो? फोनवर मास्तर, खिडकीबाहेर घोडा. तो माझी तबियत विचारत होता तो हाच प्रसंग.

शेवटी हिराबाई निघाली. हातातला झारा नवऱ्याकडे दिला, डब्यातून गुळाचा मोठा खडा काढला आणि रुळांपर्यंत गेली. तळहात पुढे धरून उलट्या पावलांनी मागे मागे येत गेली.

"ये मन्हा राजा, ये. नाचना ना? बस व्हयनं आते. आठे ये, गूळ खाय."

पाखऱ्याने शेवटचे दोन पाय टाकले, कार्यक्रम संपल्यासारखी मान खाली घेतली आणि गुळामागे चालत आला. वाढे रुळांवर सांडले होते, ते दहा जणांनी मिळून उचलले. मी बूम पाडले, सिग्नल हिरवा झाला, मालगाडी गेली. ड्रायव्हरने इंजिनाच्या खिडकीतून घोड्याला हात जोडले.

मोजणीवाल्याने विचारलं, "आप्पा, हा एक धरू ना?"

"पूर्ण ओलांडला की नाही?"

"ओलांडला."

"मग विचारता काय?"

सात मिनिटं उशीर झाला. मास्तर फोनवर काकुळतीला आला. "आप्पा, मैं क्या लिखूँ? घोड़ा लिखूँगा तो सब हँसेंगे."

"ट्रॅफिक लिखो साहब. खोटं थोडंच आहे?"

आणि मी माझ्या रजिस्टरमध्ये चांगल्या अक्षरात लिहिलं, 'रस्त्यावर रहदारी फार असल्याने फाटक वेळेवर बंद करता आले नाही.' खाली सही. चौथी शिकलेल्या माणसाचं अक्षर बघायचं असेल तर ते पान बघावं.

निकाल यायला दोन महिने लागले. सेक्शन साहेबांचा फोन आला. "आप्पा, आकडा लायनीच्या इतका वर गेलाय की ऑफिसात दोनदा गुणाकार केला." मी फोन ठेवून बाहेर आलो आणि नुसती हिरवी झेंडी हलवली. वस्तीने ओळखलं. त्या दिवशी हिराबाईने सगळ्यांना भजी खाऊ घातली, आबांनी पाखऱ्याला हार घातला, न्हाव्याने मोजणीच्या आठवड्यात मागे बसलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांची दाढी केली. मी खुर्चीवर बसून सगळं बघत होतो. खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती.

उन्हाळ्यात तीन माणसं तिपाई आणि दुर्बीण घेऊन आली. एक जण लाल-पांढरी पट्टी धरून रस्त्यात उभा राहिला. मागून सेक्शन साहेब.

"साहेब, हे काय मापताहेत?"

"सबवे मंजूर झाला, आप्पा. रुळाखालून रस्ता." आमच्याकडे त्याला बोगदा म्हणतात.

"चांगलं झालं. आणि फाटक?"

साहेब खाली बघायला लागले. "रस्ता खालून गेला की फाटक कशाला?"

मी बूमकडे बघितलं. साहेबच म्हणाले, "त्या दिवशी हेच सांगत होतो. रहदारी कमी असली तर गेट बंद करतात. फारच वर गेली तर गेट पुरत नाही, म्हणून खालून रस्ता काढतात आणि मग गेट बंद करतात. मधे असलं की राहतं."

"म्हणजे मधे राहायचं होतं?"

"हो."

"आणि आम्ही काहीच केलं नसतं तर कुठे राहिलो असतो?"

साहेब सांगायला तयार नव्हते. मी सोडलं नाही. शेवटी म्हणाले, "मी नंतर जुनी मोजणी काढून बघितली. काही केलं नसतं तर बरोबर मधोमध बसलो असतो, आप्पा."

मग त्यांनी फाईल दाखवली. सगळ्यात वर माझ्या रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स होती. 'रहदारी फार.' खाली माझी सही.

संध्याकाळी मी सगळ्यांना कडुनिंबाखाली बोलावलं आणि जसं झालं तसं सांगितलं. साहेबाला मधेच तोडलं, तेही सांगितलं. लपवायची सवय नाही.  आधी हिराबाईच हसायला लागली.

"आप्पा, तुम्ही फाटकनं इतलं कौतिक कयं, की ते लाजीसन निंघी गयं!"

ती हसली म्हणून सगळे हसले. याकोब तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. आबा म्हणाले, "ते काहीबी ऱ्हावो. मन्हा पाखऱ्यानी बोगदा पाडा. आते बोला, शून्य शे का?"

मी आबांना तिथेच धरलं. "आबा, घोडा तुमना ना?"

"मन्हाच. त्याना काय?"

"मी हिराबाईले जबान देल शे. बोगदाना रस्ता जठे वर निंघस, तो कोपरा तुमना बांधना शे. तठे हिराबाईनी टपरी लागी."

"लोटन, हाई चूक तुन्ही शे का मन्ही?"

"चूक मन्ही. नाचना तुमना घोडा."

आबांनी पाखऱ्याकडे बघितलं, मग हिराबाईकडे. "बरं, लावा. पण पाखऱ्याना गूळ चालू ऱ्हावाले जोयजे."

चूक माझी होती, हे मी त्या दिवशी चारचौघांत म्हणालो. आयुष्यात दुसऱ्यांदा. पहिली वेळ घरातली आहे, ती इथे सांगत नाही.

बोगदा झाला तेव्हा माझ्या रिटायरमेंटला आठ दिवस होते. शेवटचं फाटक दुपारच्या पॅसेंजरला बंद करायचं ठरलं. वस्तीतली निम्मी घरं तोपर्यंत उठली होती, पण त्या दिवशी सगळे परत आले. बँड आला. आबा पाखऱ्याला गोंडा बांधून घेऊन आले. वरात तर आली, पण नवरदेव कुठाय? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणालो. मी नाही म्हटलं की नाहीच, पण त्या दिवशी चौघांनी उचललं. फेटा बांधला आणि घोड्यावर बसवलं. केबिनमध्ये याकोब होता. त्याने हूटर दाबला. बूम खाली आले. पाखऱ्या नाचायला लागला, ह्या वेळी बूमच्या बाहेर, नियमात. पॅसेंजर गेली तेव्हा डब्यांतली माणसं खिडक्यांतून हात हलवत होती. साठीचा नवरदेव त्यांनी पहिल्यांदाच बघितला असेल. माझी बायको पाणी आणि गूळ घेऊन आली, माझ्या आईसारखी. म्हणाली, "ल्या. आते घर चाला."

आज तिथे चाळ नाही. देऊळ आबांच्या शेताच्या कडेला हलवलं, गिरणी गावात गेली, पंक्चरवाला नंदुरबारला गेला. विहीर बुजली. कडुनिंब तेवढा आहे. याकोब त्याच्या घराजवळच्या स्टेशनवर आहे. पण एसटीचा कंडक्टर अजून त्या जागी "फाटक, फाटक" ओरडतो आणि नवीन माणूस उतरला की फाटक शोधत बसतो. समोर हिराबाईची टपरी दिसते. तिने पाटी लावली आहे, फाटकवाली. पावसाळ्यात बोगद्यात कधी गुडघाभर पाणी साचतं, मग दोन्हीकडे रांग लागते आणि कढई पुन्हा जोरात चालते. धाकटी पोरगी नर्स झाली. सारंगखेड्याच्या यात्रेत आम्ही सगळे दरवर्षी पाखऱ्याच्या पालापाशी भेटतो. तो आता म्हातारा झालाय, पण कोणी हूटरचा आवाज काढला की पाय उचलतो.

लोक विचारतात, एवढ्या नोकरीतून काय शिकलात. मी सांगतो. जन्मभर मी हात वर करून लोकांना थांबवलं. मंत्र्याची मोटार थांबवली, नवरदेव थांबवले. स्वतः मात्र एका साहेबाच्या अर्ध्या वाक्यापुरता थांबलो नाही. तेवढं मी चुकलो.

घोडा जुंपला तर एक धरतात, ते मात्र माझं बरोबर होतं.